आग विझल्यानंतरचा स्वयंपाक

अख्खं डुक्कर परसात खड्डा खणून शिजवतात असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धडधडता जाळ आणि त्यावर सळईला बांधून फिरवलेलं जनावर येतं. जगात अनेक ठिकाणी तसं भाजतात आणि त्यालाही कसब लागतं. पण हवाई बेटांवरच्या रीतीत मांसाची आणि ज्वाळेची गाठच पडत नाही. लाकडं आधी जळून जातात. मग तापलेल्या दगडांवर मांस ठेवतात, वर ओला पाला आणि माती टाकून सगळं बुजवतात आणि सहा-आठ तास, कधी रात्रभर, कोणी त्याला हात लावत नाही. या खड्ड्याला तिथे इमू म्हणतात. ताहितीत, फिजीत, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत हीच कल्पना थोड्याफार फरकाने आढळते. पर्यटनाच्या जाहिराती तिची बोळवण ‘आदिम’ या एका विशेषणावर करतात. मला ते विशेषण साफ चुकीचं वाटतं. 50 किलोचं जनावर न कापता आतून-बाहेरून सारखं शिजवणं हा स्वयंपाकातला फार अवघड प्रश्न आहे, आणि इमू हे त्याचं पूर्ण विचार करून काढलेलं उत्तर आहे. हे पटण्यासाठी आधी प्रश्न नेमका काय आहे ते पाहायला हवं.

मांस म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. स्नायूंचे तंतू 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आकसू लागतात आणि आपल्यातलं पाणी बाहेर पिळून टाकतात. म्हणून पाठीचा कोवळा तुकडा जास्त वेळ भाजला की चिवट आणि कोरडा होतो. खांदे आणि मांड्या यांची गोष्ट वेगळी. सतत राबणाऱ्या या भागांत तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर असतं. 70 अंशांच्या वर ते हळूहळू विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि तेच जिलेटिन मग मांसाला मऊपणा देतं. पण त्याला घाई चालत नाही, तास लागतात, आणि सोबत ओल लागते. म्हणजे एकाच जनावराच्या एका भागाला थोडी आच पुरते आणि दुसऱ्याला ती दिवसभर हवी असते. त्यात जाडीची अडचण. उष्णता मांसातून फार सावकाश आत सरकते आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: तुकडा दुप्पट जाड झाला तर वेळ चौपट. एक इंची फोड काही मिनिटांत होते, पण अख्ख्या डुकराच्या मांडीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं कातडं उघड्या जाळावर कोळसा होऊन जाईल. सळईवर भाजणारा माणूस यावर उपाय म्हणून तासन्‌तास जनावर फिरवत राहतो, निखारे मागे-पुढे करतो, चरबी पडून जाळ भडकला की तो विझवतो. इमूत यातलं काहीच करता येत नाही, कारण झाकल्यानंतर आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक निर्णय आधीच घ्यावा लागतो, आणि या पद्धतीची खरी बुद्धी तिथेच आहे.

खड्डा साधारण दोन-तीन फूट खोल आणि डुक्कर आडवं मावेल इतका रुंद असतो. तळाशी बारीक काटक्या, वर जाड लाकूड आणि त्यावर दगड रचतात. आज हवाईत यासाठी सर्रास वापरतात ते किआवेचं लाकूड. हे झाड मूळचं तिथलं नाही. 1828 मध्ये फादर अलेक्सिस बॅशलो यांनी होनोलुलूत ते लावलं आणि पुढे ते बेटभर पसरलं. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलंच ते आहे, तितकंच काटेरी आणि तितकंच जळायला कडक. दगडांची निवड मात्र जुनी आणि काटेकोर. ज्वालामुखीचा सच्छिद्र बेसाल्ट लागतो, ज्यातले हवेचे पोकळ कप्पे डोळ्यांना दिसतात. ओढ्यातला गुळगुळीत, घट्ट गोटा चालत नाही. त्याच्या बारीक भेगांत पाणी अडकलेलं असतं, ते तापून त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि दगड बंदुकीच्या आवाजासारखा फुटून त्याच्या कपच्या उडतात. सह्याद्रीही बेसाल्टचाच आहे, पण म्हणून वाटेतला कुठलाही काळा धोंडा उचलून जाळात टाकणं शहाणपणाचं नाही. दोन ते चार तास जाळ चालतो. दगड लालबुंद झाले आणि लाकूड निखाऱ्यांवर आलं की दगड सपाट पसरतात आणि अर्धवट जळालेले, धुमसणारे ओंडके वेचून बाहेर काढतात. हे राहून गेलं तर कोंडलेल्या धुराने सगळं मांस कडवट होतं.

मग येतो केळीचा खांब. तो चिरून, ठेचून, तंतू मोकळे करून तापलेल्या दगडांवर जाड थरात अंथरतात. त्यावर केळीची आणि ती नावाच्या झुडपाची रुंद पानं. हे झुडूप कॉर्डिलाइन कुळातलं. आपल्याकडे लाल-हिरव्या पानांसाठी बागेत लावतात. डुक्कर साफ करून, जाडं मीठ चोळून तयार असतं. खांद्याखाली आणि मांडीच्या खोबणीत खोल चिरा दिलेल्या असतात. आता चिमट्याने किंवा फावड्याने काही लाल दगड उचलून ते डुकराच्या पोटात आणि या चिरांत सारतात. संपूर्ण कृतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एक गोष्ट. पोटात दगड गेला की उष्णता बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी दोन्हीकडून निघते. तिला निम्मीच जाडी ओलांडावी लागते, आणि वर्गाच्या नियमाने वेळ चौथाईवर येतो. हा नियम कोणी समीकरणात मांडण्याच्या कितीतरी आधी तो इथे हाताने राबवला गेला आहे. डुक्कर तारेच्या जाळीत गुंडाळून ठेवतात. ही नव्या काळातली भर आहे, आणि कारण रास्त आहे: शिजल्यावर मांस हाडांपासून इतकं सुटतं की जाळी नसेल तर ते उचलताच येणार नाही. वर पुन्हा पानं, भिजवलेली गोणपाटं, मग ताडपत्री किंवा माती. कडेने कुठे वाफ निसटताना दिसली की तिथे माती लोटायची. एवढं झालं की काम संपलं.

हे पुरतं कसं, याचा कागदावर हिशेब करता येतो. समजा 100 किलो दगड 500 अंशांपर्यंत तापले. ते 100 अंशांपर्यंत निवताना जी उष्णता सोडतील ती विजेच्या मापात साधारण 9 युनिट भरते. 50 किलोचं डुक्कर 20 अंशांवरून 90 अंशांवर न्यायला सुमारे 3 युनिट लागतात. पाच लिटर पाण्याची वाफ करायला आणखी 3. उरलेली 3 युनिट माती खाते. आकडे ढोबळ आहेत. दगड कमी तापले, जमीन ओली असली, डुक्कर मोठं असलं की ते बदलतील. पण त्यावरून एवढं कळतं की आग विझल्यावरही दगडांत गरजेपेक्षा जास्त उष्णता शिल्लक असते आणि प्रश्न ती पुरण्याचा नसून वाटण्याचा आहे. 500 अंशांचा दगड थेट कातडीला लागला तर जाळेल. मधे केळीचा खांब येतो तो त्यासाठी. त्याचा 90 टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. दगडाची उष्णता आधी या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि जोवर पाणी आहे तोवर मांसाभोवतीचं तापमान 100 अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. ती वाफ गार मांसाला लागून पुन्हा पाणी होते तेव्हा वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता तिथेच सोडून देते, आणि जो भाग जास्त गार तिथे जास्त वाफ जिरते. उकडीचा मोदक कळीपासून बुडापर्यंत सारखा होतो तो याच कारणाने. इमूत कमाल तापमानाला पाण्याने मर्यादा घातलेली आहे, आणि दगड निवत जातात तसं तापमान आपोआप उतरत जातं. शिजायला लागेल तितकी आच सुरुवातीला, मुरायला लागेल तितकी नंतर. जास्त शिजून बिघडण्याची भीती जवळपास नाही. जेम्स कुकच्या जहाजावरून 1769 मध्ये ताहितीत उतरलेल्या युरोपीय लोकांनी अशा खड्ड्यातलं मांस खाल्लं आणि ते आपल्याकडच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा रसाळ आणि अधिक सारखं शिजलेलं आहे अशी नोंद करून ठेवली. ‘रसाळ’ हे चवीचं कौतुक झालं. ‘सारखं शिजलेलं’ ही तंत्राला दिलेली दाद आहे.

ही युक्ती पॅसिफिकमध्येच इतकी का पिकली, याचंही उत्तर आहे. हवाईच्या लोकांकडे मातीची भांडी नव्हती. त्यांच्या पूर्वजांना कुंभारकाम येत होतं. पश्चिम पॅसिफिकमधली नक्षीदार लापिता भांडी त्याची साक्ष आहेत. पण पूर्वेकडे बेटामागून बेट पार करताना ते काम मागे पडलं आणि हवाईपर्यंत पोचलंच नाही. धातूही नव्हता. भांडं नाही म्हणजे चुलीवर काही उकळता येणार नाही. अशा वेळी जमिनीलाच भांडं करायचं आणि दगडाला इंधन साठवायला लावायचं, हा मार्ग उरतो. आणि सामग्री पाहा: डुक्कर, केळ, ती, टॅरो म्हणजे अळू, हे सगळं त्यांनी होड्यांतून हजारो किलोमीटर वाहून आणलं होतं. हवाईत त्यांना आयते मिळाले ते दगड आणि जळण. म्हणजे रानात सापडलं ते आगीत टाकलं असा हा प्रकार नाही. कुठली झाडं बरोबर न्यायची, ती कुठे लावायची आणि त्यांचा कोणता भाग कशाला वापरायचा, हे ठरवलेल्या समाजाची ही पाककृती आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात लागणारी पोपटी याच विचाराची छोटी बहीण म्हणता येईल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून ते उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलीवर सगळं शिजतं. फरक इतकाच की पोपटीला मडकं मिळालं, इमूला ते नव्हतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं घरातल्या ओव्हनमध्ये होतं, मग परस कशाला खणायचा? खांद्याचा तुकडा मीठ लावून, केळीच्या पानात गुंडाळून, वर फॉइल घट्ट लावून मंद ओव्हनमध्ये काही तास ठेवला तर परिणाम खूपच जवळ जातो. हवाईतली अनेक कुटुंबं एरवी असंच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही. फॉइलखाली कोंडलेली वाफ, बेताचं तापमान आणि भरपूर वेळ ही इमूची सूत्रंच ओव्हनने उचलली आहेत. ज्या पद्धतीची नक्कल यंत्राला करावी लागते तिला मागास कसं म्हणायचं? शिवाय नक्कल तुकड्यापुरतीच चालते. अख्खं डुक्कर मावेल असा ओव्हन घरात नसतो, आणि अख्खं शिजवण्यात जी मजा आहे, खांदा, बरगडी, पाठ, कातडी यांची चरबी आणि रस एकमेकांत उतरतात ती, एका तुकड्यात येत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मी जास्त गांभीर्याने घेतो. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर फीतकृमीचा संसर्ग होतो. आपल्या देशात मेंदूत या कृमीच्या गाठी होऊन फेफरं येणारे रुग्ण कमी नाहीत, त्यामुळे धास्ती समजण्यासारखी आहे. इथे एक बारकावा सांगायला हवा: कच्च्या मांसातून होतो तो आतड्यातला कृमी, मेंदूतल्या गाठी होतात त्या अशा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, भाजीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात गेल्यामुळे. म्हणून शाकाहारी माणसालाही त्या होऊ शकतात, आणि त्यावर उपाय संडास आणि स्वच्छ पाणी हाच आहे. आता तापमान. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 पासून डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा ही मर्यादा पुरेशी मानली आहे. इमूतलं मांस बोटांनी तंतू-तंतू सुटेपर्यंत शिजवतात, आणि तसं सुटायला गाभा याच्या बराच पुढे, 90 अंशांच्या जवळ, जाऊन काही काळ तिथे राहावा लागतो. तेव्हा खांदा हाताने सुटत असेल तर तो शिजलाय याला पुरावा आहे. धोका असतो तो फसलेल्या खड्ड्यात. दगड कमी पडले, नीट तापले नाहीत किंवा झाकण गळकं राहिलं तर मांस 60 अंशांच्या खाली तासन्‌तास कोमट पडून राहतं, आणि जिवाणूंना वाढायला याहून सोयीची जागा नाही. यासाठी लांब तारेचा तापमापक खांद्याच्या गाभ्यात खोचून तार बाहेर काढून ठेवावी. त्याने परंपरेला काही कमीपणा येत नाही. खड्डा उघडल्यावर मांस कोमट आणि घट्ट निघालं तर पुन्हा झाकून वाट पाहू नये, त्याचा मोह सोडावा. नीट शिजलेलं मांसही काढल्यावर ताटात दिवसभर ठेवायचं नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. दोन तासांत वाढावं किंवा फ्रिजमध्ये जावं. रंग दिलेलं, औषध मारलेलं इमारती लाकूड मात्र कधीच जाळू नये. त्यातले विषारी क्षार धुरात आणि राखेत उतरतात.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो खरा आहे. जुन्या हवाईत स्त्रियांना डुकराचं मांस, केळी आणि नारळ खायला बंदी होती. पुरुष आणि स्त्रिया एकत्र जेवू शकत नसत, दोघांच्या अन्नासाठी वेगळे खड्डे पेटत आणि नियम मोडणाऱ्याला मरणाची शिक्षा होऊ शके. म्हणजे ज्या खड्ड्याचं मी इतकं गुणगान करतो आहे तो शतकानुशतकं निम्म्या समाजाला बाहेर ठेवून पेटला. 1819 मध्ये पहिल्या कामेहामेहा राजाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा लिहोलिहो राणी काआहुमानू आणि आपली आई केओपुओलानी यांच्या आग्रहावरून स्त्रियांच्या पंक्तीला बसून जेवला, आणि जेवणावरची ती बंधनं कोसळली. आज हवाईत ज्याला लुआऊ म्हणतात ती सगळ्यांची एकत्र मेजवानी त्यानंतरची आहे. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की रूढी गेली आणि तंत्र राहिलं. दगड, केळीचा खांब आणि वाफ यांत अशी कोणतीच गोष्ट नव्हती जिला स्त्रीला उपाशी ठेवणं भाग होतं.

आपल्याकडच्या वाचकाचा अडथळा बहुधा आणखी वेगळा असेल: डुक्कर म्हटलं की तोंड फिरवणं. धर्माने ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्याशी माझा वाद नाही, मांसच न खाणाऱ्यांशीही नाही. पण महाराष्ट्रात डुकराबद्दलची किळस पुष्कळदा डुकरापुरती थांबत नाही, ती डुक्कर पाळणाऱ्या आणि पकडणाऱ्या माणसांवर जाते. नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या ‘फँड्री’ने ते पडद्यावर इतक्या थेटपणे दाखवलं की त्यावर वेगळं भाष्य नको. गावाच्या उकिरड्यावर चरणारं डुक्कर घाण खातं कारण गाव घाण उघड्यावर टाकतं. बंदिस्त जागेत धान्यावर वाढवलेल्या डुकराला हा दोष लागू होत नाही. शेजारच्या गोव्यात ख्रिस्ती घरांच्या लग्नात अख्खं भाजलेलं पिल्लू मानाने पंक्तीत येतं आणि डुकराच्या मांसाचं सोरपोतेल तर सणाचं जेवण मानतात. तेव्हा किळस ही चवीची किंवा विज्ञानाची बाब नाही, कुणाच्या हातचं ताट आपण मानाचं समजतो त्याची आहे.

राहिला इंधनाचा मुद्दा, आणि इथे मला पद्धतीची बाजू पूर्ण घेता येत नाही. एक किलो सुक्या लाकडात चार युनिटांहून जास्त उष्णता असते. 100 किलो दगडांत आपण 9 युनिट साठवतो आणि त्यासाठी कित्येक किलो, अनेकदा पन्नास-साठ किलोपर्यंत लाकूड जाळतो. उघड्या खड्ड्यातली बहुतेक उष्णता आकाशात जाते. झाकण पडल्यानंतर ही पद्धत जितकी काटकसरी आहे तितकीच त्याआधी उधळी. याची भरपाई एकाच प्रकारे होते: एकदा दगड तापले की खड्ड्यात आणखी अन्न घालायला फारसं काही लागत नाही. डुकराच्या कडेने रताळी, अळकुड्या, ब्रेडफ्रूट, पानात बांधलेले मासे अशी जागा भरून काढायची रीत जुनीच आहे. आज थँक्सगिव्हिंगच्या सुमारास हवाईत शाळा आणि संस्था निधी जमवण्यासाठी मोठा सामुदायिक इमू पेटवतात. लोक आदल्या दिवशी आपापली टर्की किंवा डुकराचा खांदा फॉइलच्या ताटात, वर नाव लिहून आणून देतात, ठरलेले पैसे भरतात आणि सकाळी शिजलेलं घेऊन जातात. त्या खड्ड्यात लाकडाचा खर्च शंभर घरांत वाटला जातो. चार माणसांच्या जेवणासाठी मात्र परस खणून अर्धा क्विंटल लाकूड जाळणं मला पटत नाही. त्यांनी खांद्याचा तुकडा केळीच्या पानात बांधून ओव्हनमध्येच ठेवावा, आणि खड्डा साठ-सत्तर माणसं जेवायला येणार असतील त्या दिवशी खणावा.